घाणेरी काढल्यानंतर तिथे काय उगवणार? नागपूरजवळच्या एका वनखंडाचा प्रकरण अभ्यास

नागपूरच्या उत्तरेला, पारशिवनीच्या बाजूने पेंचचे जंगल जिथे हळूहळू शेतांमध्ये विरत जाते, तिथल्या एका गावालगतच्या वनखंडात घाणेरी (लँटाना) आणि रानतुळस या बाहेरून येऊन माजलेल्या वनस्पती हटवण्यासाठी झालेल्या कामाची ही नोंद आहे. गावाचे नाव देण्याची गरज वाटत नाही, कारण पारशिवनी, रामटेक, सावनेर आणि उमरेड या तालुक्यांतल्या अनेक गावांच्या शिवेवर हीच परिस्थिती कमीअधिक प्रमाणात पाहायला मिळते. जंगल शुष्क पानझडीचे आहे. साग, ऐन, धावडा, लेंडिया, तेंदू, चारोळी आणि मोह ही इथली मुख्य झाडे. वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, तर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास किंवा त्याच्याही वर जातो. अशा हवामानात जमिनीवरचे गवत हाच जंगलाचा खरा आधार असतो, कारण पावसाचे पाणी अडवणे, माती धरून ठेवणे आणि हरणांपासून गुरांपर्यंत सर्वांना चारा पुरवणे ही कामे तेच करते.

या वनखंडातून ते गवतच नाहीसे झाले होते. झाडांच्या सावलीच्या कडेला आणि नाल्याच्या दोन्ही काठांवर घाणेरीची जाळी माजली होती, तर मोकळ्या उतारांवर पावसाळ्यानंतर डोक्याएवढी रानतुळस उभी राहत होती. मोहफुले वेचणाऱ्या बायांना काही झाडांच्या बुंध्यापर्यंत पोचता येत नव्हते, तेंदूची खुटकटाई (चांगली पाने यावीत म्हणून केलेली छाटणी) करताना काट्यांनी हात सोलून निघत होते आणि गुरे चाऱ्यासाठी वाघाच्या वावराच्या भागात आत आत जाऊ लागली होती. शेताला लागून असलेल्या जाळ्यांत रानडुकरे दिवसभर बसून राहत आणि रात्री थेट पिकात उतरत, ही शेतकऱ्यांची मुख्य तक्रार होती. वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या पीकनुकसानीची चर्चा नेहमी कुंपण आणि भरपाई या दोन शब्दांभोवती फिरते. बांधाला टेकलेल्या जाळीचा विचार त्यात फारसा होत नाही, हे मला खटकते.

आमचे काम सुरू होण्यापूर्वी या वनखंडात एकदा घाणेरी निर्मूलन होऊन गेले होते. कंत्राटदाराने यंत्र लावून झुडपे जमिनीलगत कापली, काही ठिकाणी जेसीबीने मुळांसकट उखडली आणि ढीग पेटवून दिले. दोन पावसाळ्यांत कापलेल्या प्रत्येक खुंटाला अनेक फुटवे आले, आणि जिथे जेसीबीने माती उलथली होती तिथे रानतुळस आणि तरोटा इतका दाट आला की आधीची घाणेरी बरी होती असे लोक म्हणू लागले. पुन्हा काम करायचे ठरले तेव्हा गावच्या बैठकीत एका वयस्क बाईंनी विचारले, "तोडून तर मागंही टाकलं होतं जी, पण त्या जागी काय येईल ते सांगा ना." पुढचे सगळे नियोजन या प्रश्नाच्या आधारे झाले, आणि माझ्या मते आक्रमक वनस्पतींच्या कोणत्याही प्रकल्पाची सुरुवात इथूनच व्हायला हवी.

आधी ओळख

बाहेरून आलेली प्रत्येक वनस्पती आक्रमक नसते. सीताफळ मूळचे अमेरिका खंडातले आहे, ते या वनखंडात खडकाळ उतारावर आपोआप वाढते आणि गावातल्या बाया त्याची फळे बाजारात विकतात. त्याने इथले गवत मारलेले नाही की इतर झाडांची रोपे दाबलेली नाहीत. त्यामुळे त्याला हात लावायचा नाही हे पहिल्याच बैठकीत ठरले. जी वनस्पती माणसाच्या मदतीशिवाय पसरते आणि पसरताना मूळच्या जीवसृष्टीची जागा बळकावते, तीच आक्रमक मानायची, ही कसोटी आम्ही शेवटपर्यंत पाळली.

घाणेरी ओळखायला सोपी वाटते, कारण पिवळी-नारिंगी किंवा गुलाबी फुले एकाच गुच्छात असलेले झुडूप सर्वांच्या परिचयाचे असते. फुले नसताना मात्र गल्लत होते. आधीच्या कामात कापून वाळलेल्या ढिगांत आम्हाला रानातल्या पारिजातकाच्या काड्या सापडल्या. मध्य भारताच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर पारिजातक मूळचा आहे. त्याचीही कोवळी फांदी चौकोनी असते, पाने समोरासमोर येतात आणि त्यांवरून हात फिरवला तर खरखरीत लागतात, म्हणजे घाणेरीची तीन ठळक लक्षणे त्याच्यातही आहेत. फरक शोधण्यासाठी जवळ जावे लागते. घाणेरीच्या फांदीच्या धारांवर मागे वळलेले बारीक काटे असतात, पारिजातकाला काटा नसतो. घाणेरीच्या पानाची कड सर्वत्र सारखी दातेरी असते, पारिजातकाची बहुधा सरळ किंवा एखाद-दुसऱ्या दात्याची असते. पान चुरगळले की घाणेरीचा उग्र वास बोटांना चिकटतो. पारिजातकाची चपटी, गोलसर, बदामाच्या आकाराची फळे फांदीवर वाळलेली दिसली तर शंकाच उरत नाही. मजुरांना कामावर घेण्याआधी या दोन फांद्या शेजारी ठेवून प्रत्येकाच्या हातात दिल्या, आणि जे झुडूप ओळखता येत नाही ते कापायचे नाही असा नियम केला.

रानतुळशीचेही असेच आहे. तिचे खोड चौकोनी आणि केसाळ, वास उग्र, फुले लहान आणि निळसर-जांभळी असतात. तुळशीच्या कुळातल्या इतर वनस्पतींपासून तिला वेगळे करायचे असेल तर फुलाखालची हिरवी पेली पाहावी. रानतुळशीच्या पेलीला ठळक शिरा असतात आणि टोकाला पाच टोकदार, जवळजवळ सारखे दाते असतात. खऱ्या तुळशीच्या पेलीचा वरचा ओठ रुंद आणि गोलसर असतो. वाळलेल्या पेल्या कपड्याला आणि जनावरांच्या अंगाला चिकटून दूर जातात. बी पाण्यात टाकले की सब्जासारखा बुळबुळीत थर धरून फुगते आणि ओल्या मातीला चिकटून बसते. मोकळ्या, उघड्या मातीवर ही वनस्पती इतक्या लवकर कब्जा का करते, याचे उत्तर बऱ्याच अंशी या बियांत आहे.

गाजरगवत आणि तरोटा रस्त्याच्या कडेला व जुन्या जाळरेषांवर (आग अडवण्यासाठी साफ केलेल्या पट्ट्यांवर) होते. गाजरगवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५६ च्या सुमारास पुण्याची आहे आणि आज ते सगळीकडे आहे. इथे मात्र ते दाट जंगलात शिरलेले नव्हते. तरोट्याची कोवळी पाने पहिल्या पावसात गावात भाजीला वापरतात. या दोघांवर वेगळी मजुरी खर्च करायची नाही, गवत परत आले की सावलीने ते आपोआप मागे हटतील, असा निर्णय घेतला.

पसारा आणि त्याची कारणे

घाणेरी शोभेचे आणि कुंपणाचे झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली. आज देशात तिचा विस्तार केवढा आहे, याचा अंदाज भारतीय वन्यजीव संस्थेच्या निनाद मुंगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडला. त्यांच्या अभ्यासानुसार ती सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर जंगलात, म्हणजे व्याघ्रक्षेत्र असलेल्या जंगलांच्या ४० टक्क्यांहून अधिक भागात पोचलेली आहे. एवढा मोठा आकडा वाचून हात टेकण्याची भावना होते. मला त्यातून वेगळा अर्थ दिसतो: सगळीकडून ती काढणे शक्य नाही, म्हणून कुठून काढायची याची निवड फार विचारपूर्वक करावी लागेल.

आमच्या वनखंडात घाणेरी कुठे आहे हे पाहिल्यावर ती कशी आली याचा उलगडा होत गेला. तिची फळे पिकून काळी-जांभळी होतात, बुलबुल आणि साळुंक्या ती खातात आणि उंच झाडावर बसून बिया खाली टाकतात. त्यामुळे मोकळ्या भागातल्या एकट्या मोहाखाली किंवा ऐनाखाली तिची रोपे वर्तुळाकार उगवलेली दिसत. दुसरा पट्टा पाऊलवाटांचा आणि तिसरा जुन्या आगींचा होता. मोहफुले वेचण्यापूर्वी झाडाखालचा पाचोळा जाळण्याची पद्धत या भागात आहे, आणि ती आग पसरली की वरवर जळालेली घाणेरी बुडख्यातून पहिल्या पावसात पुन्हा फुटते, शेजारची रोपे मात्र मरून जातात. अंकिला हिरेमठ आणि भारत सुंदरम यांनी २००५ मध्ये आग आणि घाणेरी एकमेकींना पोसतात असे गृहीतक मांडले होते, आणि इथले चित्र त्याच्याशी जुळत होते. तरीही याची दुसरी बाजू सांगायला हवी. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन टेकड्यांतील सोलिगा आदिवासींचे म्हणणे असे की, पूर्वी हंगामाच्या सुरुवातीला लावल्या जाणाऱ्या सौम्य पाचोळ्याच्या आगींनी घाणेरीची रोपे मरत असत आणि त्या आगी बंद झाल्यावर ती माजली. दोन्ही निरीक्षणे खरी असू शकतात, कारण रोपाला मारणारी हलकी आग आणि झुडपाला नवे फुटवे आणणारी उन्हाळ्यातली तीव्र आग या वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या वनखंडात झुडपे आधीच मोठी झालेली होती, म्हणून आगीचा वापर पूर्णपणे टाळला.

रसायनाचा विचारही बाजूला ठेवला. नाल्याचे पाणी गुरे आणि वन्यप्राणी पितात, आणि ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध आणून तो प्रशिक्षित कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला आहे. जैविक नियंत्रणाचा अनुभवही इथे उपयोगी नव्हता. घाणेरीवर पोसणारा टेलिओनेमिया हा कीटक १९४१ मध्ये भारतात आणला गेला, त्याने पाने झडतात, पण झुडूप पुढच्या पावसात सावरते. गाजरगवतावरच्या मेक्सिकन भुंग्याला, ज्याला १९८४ मध्ये सोडण्यात आले, काही भागांत बरे यश मिळाले, पण घाणेरीच्या बाबतीत तसे घडले नाही.

कामाचा क्रम

सर्वांत दाट जाळीवर आधी तुटून पडावे असे सर्वांनाच वाटते, कारण तिथे केलेले काम डोळ्यांत भरते. आम्ही उलट दिशेने निघालो. जिथे गवत अजून जिवंत आहे आणि घाणेरीची झुडपे तुरळक आहेत, असा डोंगरउतार प्रथम घेतला, त्यानंतर मध्यम दाटीचा भाग, आणि नाल्याकाठची घनदाट जाळी सर्वांत शेवटी ठेवली. तुरळक भागात थोड्या मजुरीत मोठे क्षेत्र मोकळे होते आणि शेजारचे गवत रिकाम्या जागेत स्वतःच सरकते, त्यामुळे बाहेरून बी आणावे लागत नाही. गावातल्या काहींना हे पटायला वेळ लागला. शेतालगतची जाळी आधी काढा असा त्यांचा आग्रह होता आणि रानडुकरांचा त्रास पाहता तो चुकीचा नव्हता. म्हणून बांधालगतचा एक अरुंद पट्टा पहिल्याच हंगामात काढण्याचे मान्य झाले, मात्र त्या पट्ट्याची नंतरची निगा ज्याचे शेत त्यानेच ठेवायची, या अटीवर.

काढण्याची पद्धत दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरलेली होती. तिचे तत्त्व साधे आहे. घाणेरीचे फुटवे खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या गाठीतून येतात. मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर, म्हणजे त्या गाठीच्या खाली तोडले, तर जमिनीत राहिलेले मूळ पुन्हा फुटत नाही आणि आजूबाजूची मातीही फारशी उलथत नाही. प्रत्यक्षात एक जण लांब दांड्याच्या आकड्याने फांद्या बाजूला ओढून धरतो, दुसरा खाली बसून कुदळीने बुडख्याभोवतीची माती बोटभर उकरतो, पिवळसर मूळ दिसले की तिरका घाव घालतो आणि दोघे मिळून झुडूप उलटे करतात. उलटे केलेले झुडूप दगडावर किंवा दुसऱ्या झुडपावर मुळे वर करून ठेवायचे, कारण पावसाळ्यात ओल्या मातीला टेकलेली फांदी मूळ धरू शकते. पहिल्या दमदार पावसानंतर माती मऊ झालेली असते आणि फळे पिकायला अवकाश असतो, म्हणून हे काम जून अखेरपासून ऑगस्टपर्यंत केले.

प्रत्येक झुडूप उलटण्याआधी त्याच्या आत डोकावून पाहायचे असे ठरले होते. काही जाळ्यांत ऐन, तेंदू आणि चारोळीची रोपे काट्यांच्या आडोशाने गुरांपासून वाचून वाढलेली आढळली. तिथे झुडूप काढल्यावर त्याच वाळक्या काटेरी फांद्या रोपाभोवती रचल्या. घाणेरी वाईट आहे म्हणून तिने नकळत केलेले संरक्षण नाकारण्यात काही शहाणपण नाही.

नाल्याच्या काठावर सलग जाळी एकदम काढली नाही. उताराला आडवे पट्टे घेतले, एक पट्टा काढायचा आणि पुढचा तसाच ठेवायचा, म्हणजे माती वाहून जाणार नाही आणि लहान पक्षी, ससे यांचा आसराही एका दिवसात नाहीसा होणार नाही.

रानतुळशीचे वेळापत्रक वेगळे होते. ती एक हंगामी असल्याने फुलोरा सुरू होताच, बी धरण्यापूर्वी उपटली तर त्या वर्षीचा बियांचा भर टळतो. ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत जमीन ओली असते आणि रोप मुळासकट हातात येते. दसऱ्यापर्यंत उशीर झाला की उपटण्याच्या धक्क्यानेच बी सांडते, आणि तेव्हा काम न केलेले बरे.

गवत परत आणताना

मोकळ्या केलेल्या मध्यम दाटीच्या भागात स्वतःहून गवत येईल अशी आशा नव्हती. म्हणून आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्येच याच वनखंडातल्या वाचलेल्या उतारावरून मारवेल, पवन्या, शेडा आणि थोडी कुसळी यांचे बी गोळा केले होते. हे बी वेचण्याचे काम बायांनी केले आणि कोणते गवत गुरे आधी खातात, कोणते शेवटपर्यंत उभे राहते, कोणत्याचे बी हाताला लागताच गळते, याची माहिती त्यांच्याकडून जेवढी मिळाली तेवढी कुठल्याही छापील यादीत नव्हती. मृगाच्या पावसाआधी बी शेणमातीत मिसळून फेकले, आणि नाल्याजवळ जिथे पाण्याने बी वाहून जाण्याची भीती होती तिथे मारवेलाची ठोंबे लावली.

गवत लावणे सोपे गेले, ते राखणे कठीण होते. दोन पावसाळे चराई बंद ठेवल्याशिवाय नवे गवत मूळ धरत नाही, आणि ज्यांच्याकडे केवळ शेळ्या व दोन-चार गुरे आहेत त्यांना दोन पावसाळे म्हणजे फार मोठा काळ असतो. बैठकीत यावरून कडक शब्द झाले. शेवटी वनखंडाचे दोन भाग करून एक बंद आणि एक खुला ठेवायचा, बंद भागातले गवत दिवाळीनंतर कापून नेता येईल आणि पहिला हक्क गुराख्यांचा असेल, असे ठरले. या निर्णयात गुरांच्या आरोग्याचा मुद्दाही महत्त्वाचा ठरला. चाऱ्याच्या टंचाईत, विशेषतः बाहेरून आणलेली नवखी जनावरे घाणेरीचा पाला खातात आणि त्यातल्या लँटाडीन या विषारी द्रव्याने यकृत बिघडून कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. गावात अशी जनावरे पाहिलेले लोक होते, त्यामुळे कापून आणलेल्या निर्धोक गवताची किंमत त्यांना समजावून सांगावी लागली नाही.

काढलेल्या घाणेरीचे काय करायचे, हा प्रश्न लहान वाटला तरी टाळता येत नाही. वाळलेले ढीग जंगलात ठेवले तर १५ फेब्रुवारीपासून सुरू होणाऱ्या आगीच्या हंगामात तेच सर्वांत मोठे इंधन ठरतात. गावकऱ्यांनी जाड काड्या सरपणाला आणि कुंपणाला नेल्या. कर्नाटकात माले महादेश्वर टेकड्यांत घाणेरीपासून खुर्च्या-टोपल्या बनवण्याचे काम बऱ्याच वर्षांपासून चालते, ते इथे करावे असा प्रस्ताव आला होता. माझे मत त्याच्या विरोधात होते. हस्तकला हा उत्तम जोडधंदा आहे, पण कारागिराला लांब, सरळ, निवडक काड्या लागतात आणि जंगलाला सर्वच झुडपे मुळासकट हवी असतात. शिवाय जिच्यावर उत्पन्न उभे राहते ती वनस्पती संपावी असे कोणाला वाटत राहील?

काय साधले आणि काय राहिले

तुरळक प्रादुर्भावाचा उतार आता गवताचा आहे. तिथे पावसाळ्यानंतर चितळांच्या लेंड्या आणि कुरतडलेले शेंडे सर्वत्र दिसतात आणि घाणेरीचे रोप शोधावे लागते. मध्यम दाटीच्या भागात पहिल्या पावसाळ्यात रानतुळस जोरात आली. ती वेळेवर उपटल्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यात मारवेल आणि शेडा यांनी बरीच जागा घेतली, तरी खडकाळ कपारींत ती टिकून आहे, कारण जमिनीतला बियांचा साठा एका-दोन हंगामांत संपत नाही. नाल्याकाठी निकाल समाधानकारक नाही. सोडलेल्या पट्ट्यांतून घाणेरी काढलेल्या पट्ट्यांत परत शिरली आणि पुराने ठोंबांचा बराच भाग वाहून नेला. तिथे केवळ गवतावर भागणार नाही, करंज आणि उंबरासारखी नाल्याकाठची झाडे लावून कायमची सावली तयार करावी लागेल, असे आता दिसते.

बांधालगतच्या पट्ट्यात ज्या शेतकऱ्यांनी निगा ठेवली तिथे रानडुकरांचा दिवसाचा मुक्काम हलला. ज्यांनी ठेवली नाही तिथे जाळी पूर्वीएवढी होण्याच्या बेतात आहे. रानडुकरे गेली कुठे, याचे उत्तर शेजारच्या गावाच्या शिवारात आहे, आणि हीच या प्रकरणाची सर्वांत अवघड बाजू ठरते. एका वनखंडाची हद्द बुलबुलाला किंवा डुकराला लागू नसते. शेजारच्या वनखंडातून दरवर्षी बी येत राहणार, त्यामुळे उंच, एकट्या झाडांखालची रोपे जुलैत आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये उपटण्याची फेरी किमान आणखी तीन वर्षे चालू ठेवावी लागेल.

या फेरीसाठी वेगळी मजुरी मिळवणे हे सर्वांत कठीण जाते. निर्मूलनाच्या कामाला पैसा उपलब्ध होतो, कारण त्याची हेक्टरमध्ये मोजणी होते आणि छायाचित्रे काढता येतात. काढून झालेल्या जागेवर वितभर रोपे उपटण्याच्या कामाला अंदाजपत्रकात सहसा शीर्षकही नसते. गावाच्या वनसमितीने पुढच्या आराखड्यात एकूण रकमेचा मोठा हिस्सा दुसऱ्या ते चौथ्या वर्षाच्या निगेसाठी राखून ठेवण्याची आणि त्या प्रमाणात पहिल्या वर्षी कमी क्षेत्र घेण्याची मागणी केली आहे. शेजारच्या गावाच्या समितीशीही बोलणे सुरू झाले असून, दोन्ही वनखंडांच्या सामाईक हद्दीवरचा पट्टा येत्या पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी एकाच वेळी घ्यायचा विचार आहे. त्यासाठी लागणारे गवताचे बी या वर्षीच्या दिवाळीनंतर आमच्या उतारावरून गोळा केले जाईल.